क्षेपणास्त्र नौकेची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती : आधी वजन ठरवा, मग लाकूड कापा

आपला प्रश्न असा आहे : प्लास्टिकच्या किटमधून काही जहाजे जोडून झाली आहेत, बाजारात मिळणारी तयार रेडिओ-नियंत्रित बोटही चालवून पाहिली आहे, आणि आता 1971 च्या युद्धातील भारतीय नौदलाची क्षेपणास्त्र नौका स्वतः बांधून पाण्यावर चालवायची आहे. प्रमाण कोणते घ्यावे, सांगाडा कशाचा करावा, मोटरी किती व कोणत्या लावाव्यात, आणि इतरांनी केलेल्या अशा प्रतिकृती काठावर सुंदर दिसूनही पाण्यात गेल्यावर खेळण्यासारख्या का वाटतात, असे आपण विचारले आहे. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सर्व निर्णय त्याच्या उत्तरातूनच निघतात.

प्रतिकृती खेळण्यासारखी दिसते ती दोन कारणांनी. एक तर ती मूळ नौकेच्या जलरेषेवर (पाण्याची पातळी जिथे लागते त्या रेषेवर) तरंगत नाही, एकतर उथळ बसते किंवा बुडालेली दिसते. दुसरे म्हणजे ती मूळ नौकेच्या मानाने फार वेगाने पळते. या दोन्ही गोष्टी मूळ नौकेच्या आकड्यांवरून बांधणी सुरू होण्याआधीच कागदावर ठरवता येतात, आणि त्या ठरवल्याशिवाय लाकडाला करवत लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम नौका नक्की कोणती ते ठरवू. सोव्हिएत बांधणीच्या या नौकांना तिकडे ‘प्रकल्प 205’ म्हणत, आणि पाश्चात्त्य जगात त्या ‘ओसा’ या नावाने ओळखल्या गेल्या. भारताला 1971 मध्ये यातील आठ मिळाल्या : वीर, विद्युत, विजेता, विनाश, निपात, नाशक, निर्भीक आणि निर्घात. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर जो हल्ला झाला त्यात निपात, निर्घात आणि वीर होत्या, व त्यांच्या सोबतीला किल्टन आणि कच्छल ही जहाजे होती. 8 डिसेंबरच्या रात्री दुसऱ्या हल्ल्यात विनाश एकटी क्षेपणास्त्रे घेऊन गेली आणि तलवार व त्रिशूल तिच्याबरोबर होत्या. नंतर 1976-77 मध्ये प्रबल, प्रलय, चपळ, चमक अशा नावांच्या आणखी आठ नौका आल्या, पण त्या सुधारित ‘ओसा-2’ प्रकारच्या होत्या.

हा फरक प्रतिकृती बांधणाऱ्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. गोव्याची हद्द ओलांडली की लगेच लागणाऱ्या कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘चपळ’ ही नौका संग्रहालय म्हणून जमिनीवर ठेवलेली आहे. आपल्याकडचे बहुतेक हौशी तिथे जाऊन छायाचित्रे घेतात, आणि ती घ्यावीतच, कारण रेलिंगची जाडी, झाकणांची बिजागरे, पत्र्यावरील वेल्डिंगच्या रेघा, दोरखंड बांधण्याचे खुंटे असल्या गोष्टी नकाशात सापडत नाहीत. परंतु ‘चपळ’ ही ओसा-2 आहे. तिच्यावरील क्षेपणास्त्रांची घरे गोल नळ्यांसारखी आहेत, कारण तिच्यासाठीच्या क्षेपणास्त्राचे पंख मिटता येत असत. 1971 च्या नौकांवरील पी-15 क्षेपणास्त्राचे पंख मिटत नव्हते आणि त्यांचा पसारा सुमारे 2.4 मीटर होता, त्यामुळे त्यांना मोठी, पेटीसारखी घरे लागत. कारवारची छायाचित्रे समोर ठेवून ‘निर्घात’ बांधली तर डेकवरची सर्वात ठळक वस्तूच चुकते. म्हणून कारवारहून बारीकसारीक तपशील घ्यावेत, आणि घरांसाठी ओसा-1 चे नकाशे व त्या काळची छायाचित्रे वापरावीत.

आता आकडे. ओसा-1 ची लांबी सुमारे 38.6 मीटर, रुंदी 7.6 मीटर, पाण्याखालची खोली सुमारे 1.7 मीटर आणि पूर्ण भारासह विस्थापन (बाजूला सारलेल्या पाण्याचे, म्हणजेच नौकेचे वजन) सुमारे 210 टन. प्रत्येकी सुमारे 4000 अश्वशक्तीची तीन डिझेल इंजिने, तीन शाफ्ट, तीन प्रोपेलर, आणि वेग सुमारे 38 नॉट. लांबी प्रमाणाने भागली जाते, पण वजन प्रमाणाच्या घनाने भागले जाते, हे एकदा मनात पक्के बसले की अर्धे काम झाले. 1:72 प्रमाणात नौका सुमारे 54 सेंटिमीटर लांब होते, पण तिला वजनाची परवानगी जेमतेम 560 ग्रॅम मिळते. 1:50 मध्ये लांबी 77 सेंटिमीटर आणि वजन सुमारे 1.7 किलो. 1:35 मध्ये लांबी 110 सेंटिमीटर, रुंदी 22 सेंटिमीटरच्या किंचित खाली, पाण्याखालची खोली जेमतेम 5 सेंटिमीटर आणि वजन 4.9 किलो.

पहिल्या बांधणीसाठी मी 1:35 सुचवतो. 1:72 ची प्लास्टिक किट मिळते आणि तिच्यात मोटर बसवण्याचा मोह होतो, पण 560 ग्रॅमच्या मर्यादेत तीन शाफ्ट, बॅटरी, रिसीव्हर आणि वरचे सगळे बांधकाम बसवणे हे मुरलेल्या हाताचे काम आहे. ती किट जरूर घ्यावी, जोडावी, आणि मोठी नौका बांधताना संदर्भ म्हणून समोर ठेवावी. 1:35 चा आणखी एक लाभ असा की हे लष्करी प्रतिकृतींचे रूढ प्रमाण असल्याने माणसांच्या आकृत्या बाजारात तयार मिळतात, आणि डेकवर दोन माणसे उभी केली की नौकेच्या आकाराचा अंदाज पाहणाऱ्याला आपोआप येतो. अडचण फक्त ने-आण करण्याची आहे. 110 सेंटिमीटरची नौका मोटारीच्या मागच्या आसनावर सहज मावते, रिक्षात मात्र तिला मांडीवर घेऊन बसावे लागते, म्हणून पहिल्याच आठवड्यात तिच्यासाठी लाकडी खोके करून घ्यावे.

4.9 किलो हा आकडा समुद्राच्या पाण्यासाठी आहे. तलावाच्या गोड्या पाण्यात त्याच जलरेषेसाठी सुमारे 4.8 किलोच वजन हवे. या आकाराच्या नौकेत साधारण 170 ते 180 ग्रॅम वजन वाढले की ती एक मिलिमीटर खाली जाते. म्हणजे अर्धा किलो जास्त झाले तर जलरेषा जवळजवळ तीन मिलिमीटर बुडते, आणि पाण्याखालची खोलीच पाच सेंटिमीटर असलेल्या या नौकेत ते लगेच नजरेत भरते. मी वजनाची वाटणी साधारण अशी करतो : सांगाडा आणि कवच 1.2 किलो, मोटरी व शाफ्ट 700 ग्रॅम, बॅटरी 300 ते 500 ग्रॅम, विद्युत भाग 200 ग्रॅम, आणि डेकच्या वरचे सर्व काही मिळून 800 ग्रॅमच्या आत. उरलेले सुमारे दीड किलो शिसे कण्याच्या दोन्ही बाजूंना अगदी तळाशी जाते. स्वयंपाकघरातील डिजिटल तराजू कामाच्या टेबलावर कायम असावा आणि प्रत्येक भाग चिकटवण्याआधी त्याचे वजन वहीत लिहावे. कंटाळवाणे वाटेल, पण ही वहीच पुढे तुम्हाला वाचवते.

सांगाड्यासाठी 3 ते 4 मिलिमीटर जाडीच्या चांगल्या प्लायवुडच्या आडव्या चौकटी आणि एक सलग कणा पुरेसा आहे. चौकटी नकाशातील छेदांवरून कापताना कवचाची जाडी त्यांतून वजा करावी लागते, नाहीतर नौका चहूबाजूंनी तेवढी फुगते. एका सपाट, न वाकणाऱ्या फळीवर चौकटी उलट्या उभ्या करून, दोरी ताणून मध्यरेषा तपासावी आणि मगच पट्ट्या चढवाव्यात. पट्ट्या बाल्साच्या असतील तर काम लवकर होते. बाल्सा महाग वाटत असेल तर 1.5 मिलिमीटरचे पातळ प्लाय तळाच्या सपाट भागासाठी चालते आणि नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) वळणापुरताच बाल्सा वापरता येतो. दोन बाजूंच्या पट्ट्या आलटून पालटून लावाव्यात. एक बाजू पूर्ण करून मग दुसरी घेतली तर कणा पीळ खातो, आणि हा पीळ पुढे कोणत्याही उपायाने निघत नाही.

बाहेरून 100 ग्रॅम प्रति चौरस मीटरच्या काचकापडाचे दोन थर इपॉक्सीने बसवावेत. पॉलिस्टर रेझिन स्वस्त असते, पण तिचा वास घरात सहन होत नाही आणि ती थर्माकोल विरघळवते. इपॉक्सी तसे करत नाही. हे महत्त्वाचे आहे, कारण नाळेत आणि पिछाडीत मिळून अडीच-तीन लिटर थर्माकोल किंवा फोम बसवणे मी अनिवार्य मानतो. नौका पाण्याने भरली तरी ती तळाशी जाऊ नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात इपॉक्सीचे काम करणार असाल तर सुकलेल्या थरावर तेलकट, पांढुरकी साय येते. ती पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा थर किंवा रंग धरत नाही. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवावे. पिछाडीला तळ आणि मागची सपाट भिंत जिथे मिळतात ती कड धारदार ठेवावी. लांबी (पुट्टी) घासताना ती कड नकळत गोल होते, आणि मग वेगात पाणी तिथून सुटण्याऐवजी भिंतीवर चढते आणि नौका शेपटी बुडवून चालते.

आता शक्ती आणि वेग. मूळ नौकेचा 38 नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे साडेएकोणीस मीटर. लाटांचा देखावा मूळ नौकेसारखा दिसावा तर वेग प्रमाणाने भागायचा नसतो, प्रमाणाच्या वर्गमूळाने भागायचा असतो. 35 चे वर्गमूळ सुमारे 5.9, म्हणजे प्रतिकृतीचा पूर्ण वेग सेकंदाला 3.3 मीटर, ताशी सुमारे 12 किलोमीटर. काठावर दहा मीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात. नौकेने हे अंतर तीन सेकंदांत कापले की ती ‘निर्घात’च्या वेगाने चालली आहे. या वेगाला नाळ थोडी उचलली जाते, पिछाडीचे पाणी स्वच्छ सुटते आणि मागे लांब, पांढरा पट्टा राहतो. दीड सेकंदात अंतर कापणारी नौका पाण्यावर टप्पे खाते. क्षेपणास्त्र नौका तशी कधीच चालत नव्हती.

लागणारी शक्तीही काढता येते. शक्ती प्रमाणाच्या साडेतीनाव्या घाताने कमी होते. 12,000 अश्वशक्तीचे 1:35 ला शाफ्टवर केवळ 35 वॅट होतात! लहान नौकेला पाण्याचे घर्षण प्रमाणाबाहेर जास्त भोवते, लहान प्रोपेलर कमी कार्यक्षम असतो आणि मोटरीतही काही शक्ती वाया जाते, म्हणून बॅटरीतून सुमारे 80 वॅट घ्यावे लागतात असे धरावे. तीन मोटरींत विभागले तर प्रत्येकीला 30 वॅटही पुरतात. दुकानदार शर्यतीच्या बोटींच्या मोटरी पुढे करतील, त्यांची इथे काहीच गरज नाही. 28 मिलिमीटर व्यासाच्या, 1000 ते 1200 केव्हीच्या (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला तितके फेरे घेणाऱ्या) तीन ब्रशलेस आउटरनर (बाहेरचे कवच फिरणाऱ्या) मोटरी, दोन सेलची 7.4 व्होल्टची 5000 एमएएच लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आणि 35 मिलिमीटर व्यासाचे पितळी प्रोपेलर ही जुळणी मला सर्वात समाधानकारक वाटते. पूर्ण वेगाने सलग चालवूनही वीस मिनिटांहून अधिक वेळ मिळतो.

काही जण फक्त मधल्या शाफ्टला मोटर लावतात आणि बाजूचे प्रोपेलर शोभेपुरते फिरू देतात. मी तसे करू नये असे म्हणेन. फिरता मोकळा प्रोपेलर वेगाला ब्रेक लावतो, आणि तिन्ही शाफ्ट चालवले की बाजूच्या दोन मोटरींचे नियंत्रण रिमोटवर सुकाणूशी जोडून बंदरातल्यासारखे जागच्या जागी वळणे करता येते, जे पाहायला फार सुंदर असते. बाजूचे दोन प्रोपेलर परस्परविरुद्ध फिरणारे असावेत. शाफ्टसाठी 4 मिलिमीटर स्टेनलेस स्टीलचा गज, पितळी नळी आणि दोन्ही टोकांना कांस्याचे बुश पुरतात. शाफ्टचा कोन शक्य तितका कमी ठेवावा, आणि मोटर व शाफ्ट एका रेषेत आणताना जोडणीच्या जागी आधी एक सरळ, घट्ट नळी बसवून मोटरीचा पाट चिकटवावा, नळी काढून मगच लवचीक कपलिंग लावावे. रेषा चुकली की आवाज येतो, आणि तो आवाज नंतर वंगणाने जात नाही. नौका उथळ असल्याने शाफ्टच्या नळीचे आतले टोक जलरेषेच्या वर येईलच असे नाही, म्हणून नळीत पाण्यात न विरघळणारे ग्रीस भरण्याची सोय आताच करून ठेवावी.

तीन स्पीड कंट्रोलर वापरताना एका बारीक गोष्टीकडे लक्ष द्यावे. प्रत्येकातून रिसीव्हरला पाच व्होल्ट येतात. तिन्ही एकदम जोडू नयेत. दोघांच्या प्लगमधली लाल तार काढून, टेप लावून बाजूला ठेवावी. 2.4 गिगाहर्ट्झची लहर पाण्यातून जात नाही, म्हणून रिसीव्हरची ॲन्टेना जलरेषेच्या बरीच वर, वरच्या बांधकामाच्या आत उभी करावी, आणि पितळी रेलिंगपासून दूर ठेवावी.

डेकच्या वरचा भाग हा या नौकेचा चेहरा आहे. गोलसर कोपऱ्यांची बुटकी केबिन, पुढे-मागे 30 मिलिमीटरच्या दुहेरी तोफांचे घुमट, डोलकाठीच्या टोकाला शोध-रडार आणि मागच्या बाजूला तोफांना दिशा देणारे दुसरे रडार. मूळ नौकेत तळ पोलादाचा आणि वरचे बांधकाम हलक्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे होते, म्हणजे तिच्या बांधकामकर्त्यांनाही वरचे वजन कमी ठेवण्याची हीच चिंता होती. आपण 0.5 ते 1 मिलिमीटरचे स्टायरीन (हलक्या प्लास्टिकचे) शीट वापरावे. क्षेपणास्त्रांची चार घरे आतून पोकळ ठेवावीत आणि फक्त कडांना पातळ पट्ट्यांचा आधार द्यावा. मागची जोडी पुढच्या जोडीपेक्षा जास्त वर कललेली असते, जेणेकरून मागचे क्षेपणास्त्र पुढच्या घरावरून जावे. हा कोन चुकला की नौकेची संपूर्ण बाह्याकृती बिघडते, म्हणून कागदी साचा करून तो दोन्ही बाजूंना तपासावा. संपूर्ण वरचे बांधकाम एकाच तुकड्यात उचलता यावे आणि डेकवरील दहा मिलिमीटर उंच कठड्यावर घट्ट बसावे, म्हणजे बॅटरी बदलणे सोपे होते आणि पाणी आत शिरत नाही. शोध-रडार फिरवण्यासाठी एन-20 प्रकारची छोटी गिअर मोटर केबिनमध्ये बसवून पातळ गज डोलकाठीतून वर न्यावा. मोटर डोलकाठीवर ठेवू नये, तिथे वीस ग्रॅमही जड असतात.

वरचे बांधकाम ठेवून नौका हौदात सोडली की स्थिरतेची चाचणी घ्यावी. 100 ग्रॅमचे वजन मध्यरेषेवरून उचलून दहा सेंटिमीटर बाजूला, डेकच्या कडेजवळ ठेवावे आणि मोबाईलवरील कोनमापकाने कल मोजावा. तीन अंशांच्या आसपास कल आला तर स्थिरतेची उंची (कललेली नौका पुन्हा सरळ होण्याच्या क्षमतेचे माप) सुमारे 40 मिलिमीटर आहे, म्हणजे उत्तम. सहा अंशांहून जास्त आला तर नौका वेगात वळताना धोकादायकरीत्या बाहेर झुकेल. वरचे वजन काढावे किंवा शिसे आणखी खाली न्यावे. उलट एक-दीड अंशच कल आला तर ती लाटेवर झटके देत डोलते, आणि तेही खऱ्या नौकेसारखे दिसत नाही. हीच वेळ आहे पुढची-मागची जलरेषा जुळवण्याची. बॅटरीखाली वेल्क्रोची लांब पट्टी लावली असेल तर बॅटरी पुढे-मागे सरकवून हे पाच मिनिटांत होते.

क्षेपणास्त्र उडवता येईल का, हेही मला नेहमी विचारले जाते. फटाक्याच्या दारूचा कोणताही उपयोग करू नये. प्लास्टिक, लिपो बॅटरी आणि काठावरची मुले यांच्या जवळ ती वस्तू नकोच. क्षेपणास्त्राच्या घराचे दार सर्व्होने (रेडिओच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या छोट्या मोटरीने) उघडणे, आत रंगवलेले क्षेपणास्त्र दिसणे आणि धूरयंत्रातून थोडा पांढरा धूर सोडणे एवढ्याने परिणाम साधतो.

रंग देताना करडी छटा मूळ रंगापेक्षा किंचित फिकी घ्यावी, कारण लहान वस्तूवर तोच रंग गडद दिसतो. रंगाच्या कॅटलॉगवर विसंबण्यापेक्षा त्या काळच्या छायाचित्रांशी ताडून पाहावे. क्रमांक के-82 म्हणजे ‘वीर’, के-86 ‘निपात’, के-89 ‘निर्घात’, के-85 ‘विनाश’. चकाकी अजिबात नको. शेवटचा हात मॅट वार्निशचा द्यावा.

पाण्याची जागा निवडताना आपल्याकडे जलपर्णीचा विचार आधी करावा लागतो. पुण्यातला पाषाण असो की मुंबईतला पवई, बरेच तलाव काही महिने तिने झाकलेले असतात, आणि तिचे धागे शाफ्टभोवती गुंडाळले की मोटर अडते व कंट्रोलर जळतो. प्रत्येक मोटरीच्या मार्गात मोटारगाड्यांतला दहा अँपियरचा चपटा फ्यूज लावला तर नुकसान त्या फ्यूजवरच थांबते. तलावाच्या व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्यावी आणि पोहणारे किंवा पक्षी जवळ असतील तर पूर्ण वेग टाळावा. खाडीत किंवा गोव्याच्या एखाद्या शांत बंधाऱ्यात खाऱ्या पाण्यात चालवली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने तळ, शाफ्ट आणि सुकाणू धुवावेत, नळ्यांत नवे ग्रीस भरावे, वरचे बांधकाम उचलून नौका रात्रभर उघडी ठेवावी आणि लिपो बॅटरी बाहेर काढून, अर्धवट भारित अवस्थेत वेगळी ठेवावी.